पोर कच्चं आहे

दाभोळच्या जेटीवर एक रीत आहे. बाप आपला मुलगा पहिल्यांदा दुसऱ्याच्या होडीवर कामाला पाठवतो, तेव्हा तांडेलासमोर, म्हणजे होडीच्या म्होरक्यासमोर, तो मुलाची स्तुती करत नाही. उलट म्हणतो, “पोर कच्चं आहे. पाण्याला भितं. जरा सुक्यात ठेवा.” मुलगा शेजारीच मान खाली घालून उभा असतो. तांडेल ठरलेलं उत्तर देतो, “पाण्यात पडलं की पिकेल.” एवढं बोलणं झालं की मुलगा होडीवर चढतो आणि त्याच दिवशी त्याला सगळ्यांत ओलं काम मिळतं. बापाचं बोलणं कोणी खरं धरत नाही. पोराची स्तुती समुद्राच्या कानावर जाऊ नये आणि पुढं काही बिनसलं तर तांडेलाला बोल लागू नये, म्हणून ते बोलायचं असतं. जो बाप तोंड भरून स्तुती करतो, त्याच्या पोरात काहीतरी खोट आहे असं जेटीवर समजतात.

केरू पालशेतकर मिसरूड फुटायच्या आधी होडीवर चढला, तेव्हा त्याच्या बापाने हेच शब्द जैनुद्दीन तांडेलांना ऐकवले होते. जैनुद्दीन पुढे स्वतःच्या होडीचे नाखवा झाले आणि केरू त्यांच्या होडीचा तांडेल. आता केरू पन्नाशीच्या पुढे आहे, जैनुद्दीन पंचाहत्तरीला टेकलेत आणि होडीवर चढत नाहीत, तरी केरू त्यांना चाचा म्हणतो आणि त्यांच्यासमोर विडी ओढत नाही.

केरूला दोन मुलं. थोरला बाबल्या. त्याला होडीवर पाठवताना केरूनेही रीतीप्रमाणे पोर कच्चं असल्याचं सांगितलं होतं, आणि बाबल्याच्या बाबतीत ते नेमकं खरं निघालं. पोरगा दाभोळची खाडी ओलांडली की ओकायला लागायचा. रीतीप्रमाणे त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. एक हंगाम त्याने कसाबसा काढला आणि पनवेलला एका गोदामात नोकरी धरली. आता तो दिवाळीला येतो तेव्हा फेरीबोटीतही मधोमध बसतो.

धाकटी अक्षया. ही गोष्ट तिच्या नोकरीची आहे, पण ती केरूला बाजूला ठेवून सांगता येत नाही.

केरूच्या वाडीत बायका तरंगत्या होडीवर पाय ठेवत नाहीत. मासळी जेटीवर उतरली की ती बायकांची. मग निवडणं, लिलाव, बर्फ, टेम्पो, बाजार सगळं त्या बघतात, आणि त्यांच्यापुढे खलाशी ब्र काढत नाहीत. होडी मात्र पुरुषांची. याला एकच सवड आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या ओढून वर घेतात आणि त्यांच्यावर ताडपत्र्या घालतात. तेव्हा होडीवर कोणीही चढावं. केरूची बायको हौसा म्हणायची, “आता ती होडी नाय, लाकूड आहे.”

त्या लाकडावर अक्षया वाढली. ताडपत्रीखाली, डिझेलच्या वासात, इंजिन उघडून बसलेल्या केरूच्या शेजारी. आधी ती बापाला पाने-पकडी उचलून द्यायची. दहावीनंतरच्या पावसाळ्यात नोझल काढून साफ करून परत बसवायला लागली. हंगाम सुरू झाला, होडी पाण्यात गेली की तिची आणि इंजिनाची भेट पुढच्या जूनपर्यंत होत नसे. ती जेटीवर उभी राहून नुसता आवाज ऐकायची. बारावी सायन्सला दापोलीला जाताना तिने कॉलेजच्या फळ्यावर नौदलाच्या अग्निवीर भरतीची जाहिरात पाहिली. मुलींनाही घेणार होते, इंजिनाच्या कामालासुद्धा. नोकरी चार वर्षांची. चार वर्षं संपली की चौघांतला एक कायम, बाकीचे घरी.

तिने घरी सांगितलं तेव्हा हौसा म्हणाली, “होडीवर चढायची बंदी, म्हणून आगबोटीवर चढतेस होय गो?” वर्षभर ती बंदरापासून वरच्या कातळसड्यापर्यंत चढाचा रस्ता धावली. भरतीत निवडली गेली.

ओडिशातलं शिक्षण संपल्यावर संचलनाला आईबापांना बोलावलं होतं. केरू आणि हौसा दोन गाड्या बदलून गेली. संचलनात अक्षया कुठली, ते दोघांनाही शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. कार्यक्रम झाल्यावर अक्षयाच त्यांना शोधत आली. बरोबर तिच्या तुकडीची अधिकारी होती, तिशीच्या आतली, उत्तरेकडची बाई. तिने हौसाची विचारपूस केली, मग केरूकडे वळून हिंदीत विचारलं, मुलीबद्दल काही काळजी आहे का, काही सांगायचं आहे का.

केरूने हात जोडले. मुलगी दुसऱ्याच्या जहाजावर पाठवायची होती आणि जिच्या हाती द्यायची ती समोर उभी होती. त्याला जे येत होतं ते त्याने जमेल त्या हिंदीत सांगितलं.

“बच्ची कच्ची है, मॅडम. पानी से डरती है. थोडा सूखे में रखना.”

अक्षया शेजारी मान खाली घालून उभी होती, आणि हसत होती. दाभोळच्या जेटीवर हे शब्द मुलीसाठी कधी कोणी उच्चारले नव्हते. बाबल्यासाठी जे बोलले ते बाबा आपल्यासाठी बोलले, याचा तिला मनापासून आनंद झाला होता. हे तिने बऱ्याच नंतर सांगितलं.

अधिकारी मात्र गंभीर झाली. तिने हौसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, काळजी करू नका, आम्ही लक्ष ठेवू. केरू उत्तराची वाट बघत उभा राहिला. पाण्यात पडलं की पिकेल, हे उत्तर आलं नाही. जेवताना अर्धा घास राहून जावा तसं त्याला वाटलं. मग फोटो काढायला बोलावलं आणि तो ते विसरला.

अक्षयाला विशाखापट्टणमला इंजिन दुरुस्तीच्या कार्यशाळेत पाठवलं. किनाऱ्यावरचं काम. त्या वेळी मुलींना राहण्याची सोय असलेली जहाजं थोडी होती. ज्या थोड्या जागा होत्या त्या तिच्या तुकडीतल्या दुसऱ्या मुलींना गेल्या. अक्षया पंप उघडायची, झिजलेले भाग बदलायची, परत जोडायची. रविवारी फोनवर ती बापाला काय उघडलं ते सांगायची आणि केरू जेटीवर बसून ऐकायचा. हौसा म्हणायची, बापलेकीचं बोलणं म्हणजे गॅरेज. केरू वाडीत सांगायचा, पोरगी सुखात आहे, पायाखाली जमीन आहे. त्याला झोप चांगली लागत होती.

पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. वरिष्ठ तिच्या कामावर खूश होते. तिचं काम चांगलं आहे, असं दोन्ही वर्षी लिहून गेलं. तिसऱ्या वर्षी तिला जहाज मिळालं.

इंजिनरूममध्ये ती पहिल्यांदा उतरली तेव्हा तिथला मुख्य कारागीर, हरियाणाचा जुना माणूस, तिला म्हणाला की मला बाई-पुरुष कळत नाही, मला वॉच कळते. वॉच म्हणजे पाळी, चार तासांची. त्याने तिला बादली दिली. समुद्र लागतो त्या प्रत्येकाला तो बादली देत असे. पहिले काही दिवस अक्षया बादली जवळ ठेवून पाळी करत होती आणि तिच्याबरोबर नवीन आलेले दोघे मुलगेही. त्यांतला एक तिच्याआधी सावरला, दुसरा तिच्यानंतर. खाली उकाडा इतका की लोखंडी कठड्याला कपड्याशिवाय हात लावता येत नसे. दर तासाला फिरून प्रत्येक घड्याळाचा काटा बघायचा, तेलाचा दाब, पाण्याची गरमी, हात लावून बेअरिंग बघायचं, आणि सांगायचं. यात ती कोणाहून कमी पडली नाही. आग लागल्याची तालीम व्हायची, तेव्हा हाताने उचलायचा पंप दोघांनी शिडीवरून वर न्यायचा असे. ते तिला जड जायचं. एकदा तिची पकड सुटली आणि जोडीदाराच्या नडगीला लागलं. तिने रोज फावल्या वेळात तोच पंप तीच शिडी असा सराव केला. शेवटी शेवटी ती तो नेऊ लागली, पण वेळेत इतरांच्या मागेच राहिली. निरुंद जागेत शिरून करायच्या कामात ती पुढे असायची, म्हणून तिला तिथे पाठवत. तिने हे सगळं घरी सांगितलं ते असंच, चांगलं आणि वाईट सारख्याच आवाजात. एकूणात ती त्या जहाजाच्या इंजिनरूममधल्या अठरा-वीस जणांत मधली होती. मुलींमध्ये नव्हे, सगळ्यांत मधली. तिला त्याचा अभिमान होता.

सहा महिन्यांनी जहाज मोठ्या दुरुस्तीला लागलं आणि अक्षया पुन्हा कार्यशाळेत आली.

चौथ्या वर्षी ती सुट्टीवर आली. मे महिना संपत आला होता. दुपारी ताटावर बसली असताना हौसाने विचारलं, कायम होशील ना. अक्षयाने भात कालवला आणि म्हणाली, कठीण आहे. ज्या मुलींना सुरुवातीला जहाज मिळालं त्यांच्या नावावर अडीच-तीन वर्षांचा समुद्र आहे. माझ्या नावावर सहा महिने.

“मग तुला का नाही दिलं आधी?” केरूने विचारलं.

अक्षयाने तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. मग म्हणाली, “बाबा, मी विचारलं हे. त्या मॅडम भेटल्या होत्या, संचलनाच्या दिवशीच्या. म्हणाल्या, तुझे वडील हात जोडून सांगत होते, मुलगी पाण्याला भिते. बापाला ठाऊक नाही तर कोणाला? तुझ्या भल्यासाठीच तुझं नाव मागे ठेवायला मी सुचवलं.”

केरूचा हात ताटात राहिला.

“रीत आहे ती,” तो म्हणाला.

“मला ठाऊक आहे, बाबा. मॅडम चंदीगडच्या.”

“तू सांगायचं नाय का तेव्हा?”

“मला बरं वाटलं होतं तेव्हा,” अक्षया म्हणाली. “बाबल्यादादाला म्हणालात तसं मला म्हणालात म्हणून.”

हौसाने आमटीची वाटी खाली ठेवली. “सगळ्या जेटीला ठाऊक आहे तुमच्या बोलण्याचा अर्थ. पण तिथं जेटी होती काय?” मग आवाज खाली आणून तिने दुसरं विचारलं, आणि ते केरूला पहिल्याहून लागलं. “खरं सांगा. रीत म्हणून बोललात की मनातून?”

केरू उठला आणि हात धुवायला गेला.

हा प्रश्न त्याला पुढे सुटला नाही. बाबल्याच्या वेळी तो शब्द बोलला तेव्हा त्याच्या मनात काहीच नव्हतं, ओटी भरताना बायका तोंडातल्या तोंडात म्हणतात तसं ते होतं. अक्षयाच्या वेळी? त्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी बघताना त्याला आपल्या होडीचं ते वादळ आठवलं होतं, ज्यात जैनुद्दीन चाचांचा पुतण्या गेला. ते आठवलं म्हणून तो बोलला, की बोलल्यावर ते आठवलं, हे त्याला ठरवता येईना. रीतीचा एक फायदा असा की तिच्यात शिरून माणसाला खरंही बोलता येतं. केरू खरं बोलला असेल, तर त्याने मुलीला हवं ते सोडून स्वतःला हवं ते मागितलं होतं, आणि त्याला ते मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो जैनुद्दीन चाचांकडे गेला. चाचा ओटीवर बसून जाळ्याचा तुकडा विणत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि आधी हसले.

“अरे, चंदीगडवाली बाई. तिला वाटलं बाप कोर्टात साक्ष देतोय.” मग केरूचा चेहरा बघून ते थांबले. “तुझ्या बापाने मला सांगितलं होतं, पोर पाण्याला भितं. मी तुला पहिल्या दिवशी नांगराच्या दोरावर घातला. ती बाई भली निघाली, हीच पंचाईत.”

“चाचा, आता उलटं सांगता येईल काय? तुम्ही मोठ्या जहाजांवर गेलात. तुम्हाला त्यांची भाषा येते.”

चाचांनी तरुणपणी आखाती कंपनीच्या जहाजांवर काही वर्षं काढली होती. अक्षयाकडून नंबर घेऊन त्यांनी फोन लावला. अक्षया आधी नको म्हणत होती, मग बापाकडे बघून तिने नंबर दिला. त्या बाई दुसरीकडे बदलून गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेला अधिकारी फोनवर होता. चाचांनी त्याला अदबीने, शुद्ध उर्दूत, दाभोळची रीत समजावून सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर आल्यावर त्यांनाच ते ऐकायला विचित्र वाटू लागलं. अधिकारी सभ्य होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सांगितलं, वडिलांनी काही मनाला लावून घेऊ नये. आईवडील काय म्हणतात त्यावर हे ठरत नाही. प्रत्येकाच्या कामाचे गुण असतात, त्यावर ठरतं.

चाचांनी फोन ठेवला आणि केरूला ते सांगितलं.

“म्हणजे माझ्या बोलण्याने काय झालं नाय?” केरूने विचारलं.

“तो तसं म्हणाला.”

“मग बरं झालं म्हणायचं की वाईट?”

चाचांनी जाळ्याची सुई हातात घेतली. केरूच्या शब्दाने बिघडलं नसेल, तर त्याच्या शब्दाने सुधारणारही नव्हतं. बिघडलं असेल तरी सुधारणार नव्हतं. केरू ओटीवरून उतरला.

निकाल लागला तेव्हा केरू समुद्रात होता. होड्या पाच-सहा दिवस बाहेर असतात आणि मोबाईलला तोवर रेंज नसते. परत येताना खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा लागतो, तिथे रेंज मिळते आणि सगळ्या खलाशांचे फोन एकदम वाजायला लागतात. त्या दिवशीही वाजले. केरू सुकाणूवर होता. त्याने फोन काढला. हौसाचा निरोप होता, रेकॉर्ड केलेला, कारण तिला लिहिता येत नाही. ‘अक्षीचं नाव नाय आलं. ती बरी आहे. तुम्ही सांभाळून या.’ दांड्यावर पाणी कमी होतं, नजर काढता येत नव्हती. केरूने होडी आत घेतली, जेटीला लावली, मासळी उतरवेपर्यंत थांबला आणि मग घरी गेला.

थंडीत अक्षया काळी पेटी घेऊन घरी आली. शेजारच्या गंगुबाई कुंपणावरून म्हणाल्या, “काय गो, या वेळी सुट्टी लांबली?”

“संपली, आत्ये. नोकरीच संपली.”

“अगो बाय. परत धाडली?”

“चौघांतले तीन धाडतात,” अक्षया म्हणाली आणि पेटी आत घेऊन गेली.

अक्षयाच्या तुकडीतली, जहाजावर असलेली एक मुलगी कायम झाली होती. अक्षयाहून कामात ढ असलेला एक मुलगाही कायम झाला होता, पण तिच्याहून सरस असलेले तिघे मुलगे गेले होते. ती हे सांगत असे, ते बापाने सगळं स्वतःवर घेऊ नये म्हणून. केरूला वाटे, आपल्याला सोडवण्यासाठी ती हिशेब जुळवून आणते आहे. असंही असेल. कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं, आणि तीच गोष्ट घरात सगळ्यांत जड होती.

हौसाने एकदा सुचवलं की तिला होडीवर घ्या, इंजिनावर. केरूने चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, माझी हरकत नाही, पण खलाशी उतरतील, मग होडी कोण नेणार. केरूने खलाशांना विचारलंसुद्धा नाही. हौसानेही तो विषय पुन्हा काढला नाही.

जेटीच्या टोकाला अनसचं इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. अनस हा चाचांचा नातू. त्याला हाताखाली माणूस हवा होता, हे केरूला कळलं. या वेळी त्याने मनाशी पक्कं केलं होतं. जी चूक केली ती पुन्हा करायची नाही. तो अक्षयाला घेऊन गेला.

“अनस, हिच्यासारखं इंजिन या बंदरात कोणाला कळत नाय,” केरू म्हणाला. “नौदलाच्या जहाजावर होती. पंप, बेअरिंग, जनरेटर, सगळं. समुद्राला भ्यायली नाय. मोठमोठ्या पोरांना मागे टाकलंन हिने. एक नंबर काम आहे.”

त्याचं बोलणं संपेपर्यंत अनसने हातातलं फडकं दोनदा घडी केलं. तो जेटीवरच वाढलेला. मुलीची अशी स्तुती करणारा बाप त्याने आयुष्यात पाहिला नव्हता, आणि ज्या मुलांची अशी स्तुती त्याने ऐकली होती ती कशी निघाली हेही त्याला आठवत होतं. त्याची नजर अक्षयाकडे गेली आणि परत फडक्यावर आली.

“मग ठेवून का नाय घेतलं त्यांनी?” त्याने हळू विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

केरूने अक्षयाकडे पाहिलं.

“बघू,” अनस म्हणाला. “नारळी पुनवेनंतर बघू, केरूकाका.”

नारळी पुनवेला अजून आठ महिने होते. दाभोळात ‘बघू’ म्हणजे काय, हे अक्षयालाही कळतं. बाहेर येऊन ती चालू लागली. बर्फाच्या कारखान्यापर्यंत आल्यावर म्हणाली, “बाबा, यापुढे माझ्याबद्दल कुणाजवळ काय बोलू नका. वाईट नको आणि चांगलं तर नकोच.”

तिच्या आवाजात राग नव्हता. थोडं हसूच होतं, त्यामुळे केरूला मान वर करता आली नाही.

मग तिने स्वतःच हालचाल केली. पोफळीला वीजघरातली यंत्रं सांभाळायची कामं कंत्राटावर निघतात, हे तिला कळलं. तिने अर्ज केला, जाऊन भेटून आली. जमिनीच्या पोटातलं काम, उकाडा आणि आवाज दोन्ही भरपूर. तिला ते आवडलं होतं. कंत्राटदाराने आधीच्या कामाची माहिती घेतली आणि घरचा नंबर मागितला. अक्षयाने हौसाचा नंबर दिला. हौसाचा फोन त्या आठवड्यात बिघडला होता आणि त्याचं कार्ड केरूच्या फोनमध्ये घातलेलं होतं. हे तिघांच्याही लक्षात राहिलं नाही.

त्या दिवशी होडी बाहेर निघाली होती. भरतीचं पाणी होतं, केरू सुकाणूवर होता, दांडा जवळ आला होता. इंजिन नेहमीसारखं चाललं होतं, मधूनच एक ठोका चुकवत. तो ठोका काय आहे हे घरी एका माणसाला आवाजावरून सांगता आलं असतं. फोन वाजला. अनोळखी नंबर. केरूने हॅलो म्हटलं.

“अक्षया पालशेतकरचे वडील का?” पलीकडच्या माणसाने विचारलं. “पोफळीहून बोलतोय. कामाच्या संदर्भात. मुलगी पाळीत काम करील ना? बोगद्यात उतरावं लागतं. कशी आहे कामाला?”

केरूने फोन कानाला घट्ट धरला. बोलणारा माणूस कुठला, ते त्याला आवाजावरून कळेना. मराठी स्वच्छ होतं, पण ते चिपळूणचंही असेल, साताऱ्याचंही असेल, शिकून तयार केलेलंही असेल. इथला असेल तर त्याला एक सांगायला हवं, बाहेरचा असेल तर दुसरं. मुलीने तर काहीच सांगायला नको म्हटलं होतं. आणि गप्प बसलं तर त्याचा अर्थ तो माणूस काय लावील?

“हॅलो? ऐकताय ना?”

“ऐकतोय,” केरू म्हणाला. समोर दांड्यावर फेस दिसत होता. “साहेब, मी तिचा बाप आहे. माझं बोलणं धरू नका. तिच्या हातात काम द्या आणि बघा.”

पलीकडून काहीतरी आवाज आला, तुटक. केरूने पुन्हा हॅलो म्हटलं. होडी दांडा ओलांडून गेली होती आणि रेंज संपली होती. त्यातलं किती त्या माणसाच्या कानावर गेलं, ते कळायला मार्ग नव्हता. केरूने फोन खिशात ठेवला. मागून एका खलाशाने विचारलं, कोणाचा फोन. केरूने सुकाणू दोन्ही हातांनी धरलं. पुढचे पाच दिवस होडी बाहेर राहणार होती.